तुम्ही कुठे आहात, हे कुणाला कळावं?

जीपीएसच्या उपग्रहाला तुम्ही कुठे आहात हे माहीत नसतं. हे सांगितलं की बहुतेकांचा विश्वास बसत नाही. ‘उपग्रह वरून बघतो’ ही समजूत आपल्याकडे पक्की आहे आणि टीव्हीवरच्या गुन्हेगारी मालिकांनी ती आणखी घट्ट केली आहे. प्रत्यक्षात सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे ते उपग्रह फक्त स्वतःची जागा आणि वेळ सांगत राहतात, आकाशवाणीच्या केंद्रासारखे. कोण ऐकतंय याची त्यांना खबर नसते. तुमचा फोन किमान चार उपग्रह ऐकतो, संदेश पोचायला लागलेल्या वेळेचा हिशेब मांडतो आणि आपली जागा आपणच काढतो. ती पुढे कुणाला कळवायची, हा वेगळा व्यवहार. तो अ‍ॅप करतं, कंपनी करते, सरकार करतं. उपग्रह करत नाही.

छताखाली गेलं की हा हिशेब कोलमडतो. इतक्या लांबून आलेला संदेश आधीच क्षीण. काँक्रीटचे एकदोन स्लॅब मध्ये आले की संपला. म्हणून इमारतीच्या आत माणूस किंवा वस्तू शोधायला गेली तीसेक वर्षं इंजिनिअर मंडळी दुसऱ्या वाटा धुंडाळत आहेत. इन्फ्रारेड, अल्ट्रासाउंड, वायफाय, ब्लूटूथ, अल्ट्रा-वाइडबँड, हवेचा दाब, अगदी खांबांतल्या लोखंडी सळ्यांमुळे वाकडंतिकडं होणारं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रसुद्धा. या खटाटोपात एक गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात न येता उलटी झाली. बाहेर फोन ऐकत होता आणि आकाशाला काही कळत नव्हतं. आत बऱ्याचदा इमारत ऐकते, आणि फोन किंवा बिल्ला बाळगणाऱ्याला पत्ता नसतो.

ही दिशा कुणी ठरवली, असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. ती ठरते निविदेतल्या कुठल्यातरी परिच्छेदात, विक्रेत्याच्या सादरीकरणात, ‘डॅशबोर्डवर सगळं लाइव्ह दिसेल साहेब’ या एका वाक्यात. माझ्या मते हा तांत्रिक तपशील नव्हेच. शाळा, रुग्णालय, महापालिका, गोदाम, सोसायटी, जिथे जिथे ही यंत्रणा बसते तिथे हा सार्वजनिक प्रश्न आहे. आणि तो कुणी विचारत नसल्यामुळे आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला सुळी असा प्रकार चालला आहे. ज्यांना तातडीने शोधायला हवं ते सापडत नाहीत. ज्यांना शोधण्याचं काही कारण नाही त्यांचं पाऊल न पाऊल नोंदलं जातं.

थोडा इतिहास बघू, कारण त्यात एक गंमत आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत रॉय वॉन्ट, अँडी हॉपर आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या आसपास ‘अ‍ॅक्टिव्ह बॅज’ नावाचा बिल्ला तयार केला. कपड्यावर लावलेला तो बिल्ला दर १५ सेकंदांनी इन्फ्रारेडमधून आपला क्रमांक पाठवायचा आणि खोलीतला रिसीव्हर तो टिपायचा. रिसेप्शनवरच्या माणसाला कोण कुठल्या खोलीत आहे ते कळायचं आणि आलेला फोन त्या खोलीत जोडता यायचा. मोबाइल नसण्याच्या काळात ही मोठीच सोय. पण १९९२ साली या मंडळींनी बिल्ल्यावर जो शोधनिबंध लिहिला, त्यात त्यांनीच खासगीपणाचा प्रश्न मांडला होता. म्हणजे ही काळजी नंतर कुणा चळवळ्यांनी चिकटवलेली नाही. शिवाय बिल्ला काढून खणात ठेवला की माणूस नकाशावरून गायब व्हायचा, एवढी मोकळीक तरी होती.

पुढे २००० साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी दाखवलं की वेगळे बिल्ले, वेगळे रिसीव्हर काही लागत नाहीत. कार्यालयात आधीच असलेलं वायफाय पुरतं. मजल्यावरच्या अनेक ठिकाणी उभं राहून कुठल्या केंद्राचा सिग्नल किती जोरात येतो याची नोंद करून ठेवायची आणि नंतर येणारी मोजमापं त्या नोंदींशी ताडून बघायची. चूक दोनतीन मीटरची. आजही बहुतेक मॉल-विमानतळांतला नकाशावरचा निळा ठिपका याच तत्त्वाच्या आसपास फिरतो. त्याला मर्यादाही आहेत. माणसाचं शरीर मुख्यतः पाण्याचं, आणि पाणी वायफायच्या लहरी शोषतं. त्यामुळे रविवारी संध्याकाळी गर्दी झाली की सकाळी रिकाम्या मॉलमध्ये घेतलेल्या नोंदी बिनसतात. अल्ट्रा-वाइडबँडमध्ये सिग्नलचा जोर न मोजता त्याला लागलेला वेळ मोजतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटीमीटर जातो, तेव्हा घड्याळ पुरेसं बारीक असेल तर वितीएवढ्या अंतरापर्यंत नेम लागतो. २०१९च्या आयफोनपासून हे तंत्र लोकांच्या खिशात आलं.

आता मुद्द्याची गोष्ट. यांतली बरीच तंत्रं दोन्ही दिशांनी चालतात. भिंतीवरचा ब्लूटूथ बीकन आपला क्रमांक पुकारतो आणि फोन ऐकतो, तेव्हा जागा फोनला कळते. हाच ब्लूटूथ कर्मचाऱ्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रात बसवला आणि भिंतीवर ऐकणारी डबी लावली, तर जागा मालकाला कळते. वायफायचंही तेच. २०१८च्या अँड्रॉइड ९पासून फोनला राउटरपर्यंतचं अंतर संदेशाच्या जाण्यायेण्याच्या वेळेवरून मोजता येतं आणि आपली जागा फोनमध्येच काढता येते. किंवा फोनने आजूबाजूला कुठलं वायफाय आहे म्हणून मारलेल्या हाका राउटरांनी टिपायच्या आणि सर्व्हरवर सगळ्यांचे ठिपके मांडायचे, असंही करता येतं. लहरी त्याच, अचूकताही फार वेगळी नाही. फरक आहे तो हिशेब कुठल्या टोकाला होतो याचा, आणि तेवढ्यावरून अख्खं राजकारण बदलतं.

करोनाच्या काळात हे आपण जवळून पाहिलं, पण दिशेची चर्चा तेव्हा तज्ज्ञांपुरतीच राहिली. २ एप्रिल २०२० रोजी आलेल्या आरोग्य सेतूने ब्लूटूथच्या जोडीला जीपीएस घेतलं आणि बाधित ठरलेल्याची माहिती सरकारी सर्व्हरवर नेली. त्याच महिन्यात अ‍ॅपल आणि गुगलने मिळून जी पद्धत जाहीर केली, तिच्यात कोण कुणाजवळ होतं याची जुळणी फोनमध्येच होत होती आणि जागेची माहिती गोळा करायला अ‍ॅपला बंदी होती. दोन्हीकडे ब्लूटूथ तोच. दोन्हीकडे त्याचा दोषही तोच: फ्लॅट ३०१ आणि ३०२ यांच्यातली भिंत त्याला नीट कळत नाही, त्यामुळे दाराआड बसलेला शेजारी ‘संपर्कात आलेला’ ठरू शकतो. साथ आटोक्यात आणायला यांपैकी कशाचा किती उपयोग झाला यावर वाद घालता येईल. पण आपण केंद्राकडे जाणारी वाट निवडली, आणि तशी निवड करतो आहोत हे लोकांना कुणी सांगितलं नाही.

लंडनच्या भुयारी रेल्वेचं उदाहरण मला यासाठीच आवडतं की तिथे इमारतच ऐकत होती, तरी त्यांनी ते सांगून केलं. २०१६च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चार आठवडे ५४ स्थानकांवर प्रवाशांच्या फोनचे वायफाय सिग्नल टिपले गेले; सुमारे ५६ लाख फोनच्या ५० कोटींहून अधिक नोंदी जमल्या. किंग्ज क्रॉस ते वॉटर्लू जायला लोक किमान १८ वेगवेगळे मार्ग वापरतात, असं त्यातून दिसलं. तिकिटावरून हे कधीच कळलं नसतं. स्थानकांवर फलक लावले होते: नको असेल तर फोनचं वायफाय बंद करा. फोनचा खरा क्रमांक नोंदींतून पुसला होता. आपल्या मॉलमध्ये फुकट वायफायसाठी मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका, आणि मग आत. नव्या फोनमध्ये खरा वायफाय पत्ता लपवून बनावट पत्ता दाखवण्याची सोय आहे हे खरं. पण एका जाळ्यासाठी फोन सहसा तोच बनावट पत्ता वापरत राहतो. एकदा ओटीपी दिला की त्या पत्त्याला तुमचा नंबर चिकटला. पुढच्या वेळी दारातून शिरताच ओळख पटते. फलक वगैरे शोधू नका.

पण ग्राहकाचं मला फारसं दुःख नाही. तो वायफाय बंद करू शकतो, दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. खरा प्रश्न आहे ज्याला बाहेर पडता येत नाही त्याचा.

एखाद्या मोठ्या सोसायटीत जिन्याने चढून बघा. जिन्याच्या वळणावर, पंपरूमच्या दाराशी, टेरेसच्या लोखंडी दरवाज्याशेजारी भिंतीत एक काळी चकती बसवलेली दिसेल, साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढी. रात्रपाळीचा वॉचमन राउंडला निघतो, हातातलं यंत्र चकतीला टेकवतो, बीप वाजतो, नोंद होते. सकाळी एजन्सीच्या कार्यालयात तक्ता तयार असतो: कोणती चकती किती वाजता, कोणती राहिली. इमारतीच्या आतलं ‘लोकेशन ट्रॅकिंग’ आपल्याकडे खऱ्या अर्थाने कुठे रुजलं असेल तर इथे. त्यावर ना कुणी चर्चासत्र घेतलं, ना कुणी अग्रलेख लिहिला. कमिटीच्या बैठकीत ‘तीनचा राउंड का चुकला’ हा प्रश्न निघतो. बारा तासांच्या पाळीत त्याला टेकायला खुर्ची आहे का, हा प्रश्न निघत नाही.

तरीही मी म्हणेन की ही चकती बऱ्यापैकी सभ्य आहे. यंत्र टेकवताना वॉचमनला माहीत असतं की आता नोंद होते आहे. दोन चकत्यांच्या मधला वेळ त्याचा स्वतःचा. नोंद त्याच्या हाताने होते, त्याच्या नकळत नाही. हेच काम गळ्यातल्या ब्लूटूथ ओळखपत्राने करायचं ठरवलं की चित्र पालटतं. मग तो सतत दिसतो. जिन्यात किती वेळ थांबला, शौचालयात किती मिनिटं लागली, दुसऱ्या विंगच्या वॉचमनशी किती वेळ बोलला.

इमारतीच्या आतली जागा आणि बाहेरची जागा यांत हाच मोठा फरक आहे, आणि तो कायदा करणाऱ्यांच्या गावी नाही. बाहेरची जागा फार तर सांगते की तुम्ही दादरला होता. आतली जागा सांगते की तुम्ही कुणाशेजारी होता. दोन नर्सचे बिल्ले जेवणाच्या सुट्टीत सलग चार दिवस युनियनच्या माणसाच्या बिल्ल्याजवळ दिसले, तर कुणालाही काही विचारायची गरज उरत नाही. गरोदर आहे हे घरी सांगण्याआधी एखादीचा बिल्ला स्वच्छतागृहात वरचेवर दिसू लागतो. ही माहिती कुणी मागितलेली नसते. ती आपोआप साठते, आणि साठलेली गोष्ट कधीतरी कुणीतरी उघडून बघतं.

नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली, चंडीगडसारख्या शहरांनीही बांधली. कामगारांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या: हद्दीबाहेर दिसलं की पगार कापतात, घड्याळ काढायची भीती वाटते, बायकांना प्रश्न पडला की यात कॅमेरा तर नाही ना, शौचालयात जाताना काय करायचं. हे उघड्यावरचं उदाहरण आहे, पण उंच इमारतींच्या गल्लीत जीपीएसचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका पलीकडच्या रस्त्यावर दिसू शकतो, हे ज्याला माहीत आहे त्याला या पगारकपातीची चीड यावी. यंत्राच्या चुकीची किंमत झाडूवाल्या बाईने का मोजायची?

यावर येणारा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. मस्टरवर सही आणि माणूस गावाला, हा प्रकार महापालिकांना नवा नाही. मुकादमाला हप्ता देऊन घरी बसणारेही आहेत आणि त्यांच्या वाटचं काम करणारेही आहेत. हजेरीची खातरजमा हवीच. पण हजेरी म्हणजे चौकीत वेळेवर आलास का आणि बीटचं काम झालं का. त्यासाठी सकाळी चौकीत एक नोंद, काम संपल्यावर एक नोंद आणि झाडलेल्या रस्त्याकडे बघणारा एक माणूस पुरतो. मधल्या प्रत्येक मिनिटाचा माग काढून भ्रष्टाचार थांबत नाही. ज्याचं मुकादमाशी साटंलोटं आहे त्याचं घड्याळ दुसऱ्याच्या मनगटावर जातं. सापडतो तो प्रामाणिक माणूस, चहाला दहा मिनिटं जास्त थांबलेला.

इथे एक न्यायालयीन निकाल आठवतो. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने फ्रँक व्हायटस प्रकरणात सांगितलं की आरोपीने गुगल मॅप्सवरचं आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत उपलब्ध ठेवावं, अशी जामिनाची अट घालता येणार नाही. आरोपीच्या हालचालींवर अखंड नजर ठेवणं म्हणजे त्याच्या खासगी आयुष्यात डोकावणं आहे, आणि ते जगण्याचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २१च्या विरुद्ध आहे. खटला अमली पदार्थांचा होता. निकाल अगदी योग्य. पण मग अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या आरोपीला जे संरक्षण आहे ते पहाटे साडेपाचला झाडू हातात घेणाऱ्या कामगाराला का नाही?

कारण कायद्यानेच ते दार उघडं ठेवलं आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती हा पाया आहे, असं आपल्याला सांगितलं जातं. त्याच्या कलम ७मध्ये संमतीशिवाय माहिती वापरण्याची काही ‘वैध’ कारणं दिली आहेत आणि त्यांत एक आहे ‘नोकरीच्या प्रयोजनासाठी’. मालकाचं नुकसान टाळणं, व्यापारी गुपितं जपणं अशी उदाहरणं पुढे जोडली आहेत. पण ती उदाहरणं आहेत, मर्यादा नव्हे. कर्मचाऱ्याच्या गळ्यातला बिल्ला या एका ओळीत आरामात बसतो. २०१९च्या विधेयकात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्ग तरी होता. २०२३च्या कायद्यात तोही गेला. पायरी म्हणून बघायचं तर खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा पुट्टस्वामी निकाल वर आहे आणि हा कायदा त्याच्या बराच खाली.

आता दुसरी बाजू, जिथे खरोखर शोधायला हवं तिथली.

केंद्र सरकारने एप्रिल २०१६मध्ये नियम केला: १ जानेवारी २०१७पासून पॅनिक बटनाशिवाय मोबाइल विकायचा नाही, साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ची कळ दाबून धरली की मदतीची हाक जाईल. आणि १ जानेवारी २०१८पासून प्रत्येक फोनमध्ये जीपीएस. हेतू उत्तम. पण जीपीएस नेमकं कुठे मरतं? घरात, लिफ्टमध्ये, जिन्यात, पार्किंगच्या तळघरात. संकटात सापडलेली व्यक्ती सहसा असते तिथेच. ११२ या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन लागला की पत्ता सांगा, जवळची खूण सांगा, हे प्रश्न आजही येतात, आणि धुराने घुसमटलेल्या किंवा दाराआड लपलेल्या माणसाकडून त्यांची उत्तरं मिळतील असं गृहीत धरलं जातं.

मुंबईत २८ डिसेंबर २०१७ची मध्यरात्र उलटल्यावर कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबला आग लागली. १४ जण गेले, आणि बरेच जण आडोसा म्हणून स्वच्छतागृहात शिरलेले असताना गुदमरले. त्याआधी ९ मे २०१५ला काळबादेवीच्या गोकुळ निवासात अग्निशमन दलाचे चार अधिकारी आपण गमावले. प्रमुख सुनील नेसरीकर आणि सुधीर अमीन भाजल्यामुळे त्याच महिन्यात, संजय राणे आणि महेंद्र देसाई कोसळलेल्या इमारतीत. एखादं यंत्र असतं तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे विक्रेत्याची भाषा. पण बाहेर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला आपला माणूस कुठल्या मजल्यावर आहे हे कळावं, ही मागणी झाडूवालीचा माग काढण्यापेक्षा शंभर पटींनी न्याय्य आहे. इथे बिल्ला ऐकणारी यंत्रणा हवीच, आणि बिल्ला घालणाराही तिला आनंदाने हो म्हणेल.

अमेरिकेत या प्रश्नाशी दळणवळण आयोग २०१५पासून झगडतो आहे. तिथे ९११ला येणाऱ्या फोनची उंचीसुद्धा कळली पाहिजे, ८० टक्के कॉलमध्ये वरखाली तीन मीटरच्या आत, असं बंधन २०१९मध्ये मोबाइल कंपन्यांवर घातलं गेलं. तीन मीटर म्हणजे साधारण एक मजला. उंची कशी कळते? अनेक स्मार्टफोनमध्ये हवेचा दाब मोजणारा चिमुकला सेन्सर असतो. आपण एक मीटर वर गेलो की दाब सुमारे १२ पास्कलने उतरतो. एका मजल्याला साधारण ३५. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या हवेला याची काय पडलेली. समुद्रकाठच्या आपल्या प्रदेशात कुठलंही वादळ नसताना, निरभ्र दिवशीसुद्धा सकाळी दहाच्या सुमाराला दाब चढतो आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरतो, आणि हा फरक तीनेकशे पास्कलचा असू शकतो. म्हणजे खुर्चीतून न उठता तुम्ही दिवसभरात आठेक मजले चढता! तेव्हा जवळपास एखादं संदर्भ केंद्र हवं, जे त्या क्षणाचा स्थानिक दाब सांगेल. त्यातही मेख आहे. आगीच्या वेळी धूर जिन्यात शिरू नये म्हणून उंच इमारतींत पंखे लावून जिन्यातला दाब मुद्दाम वाढवतात, साधारण ५० पास्कलने. नेमक्या त्या क्षणी, नेमक्या त्या जिन्यात धावणारा माणूस फोनच्या हिशेबाने एक मजला खाली दिसेल.

आणि समजा उंची अचूक मिळाली. नियंत्रण कक्षाला कळलं की फोन जमिनीपासून ५२ मीटरवर आहे. म्हणजे कितवा मजला? आपल्या टॉवरमध्ये आधी स्टिल्ट, मग चार पोडियम पार्किंग, मग ‘पहिला’ मजला. मध्ये रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी आसरा घ्यायची मोकळी जागा. बाराव्यानंतर काही बिल्डर १२ए लिहितात, कारण १३ विकला जात नाही. जवान शिडी लावून पोचणार कुठे? इथे अल्ट्रा-वाइडबँड वगैरे काही कामाचं नाही. इथे हवा एक साधा तक्ता: या इमारतीच्या या विंगमध्ये अमुक नावाचा मजला जमिनीपासून अमुक उंचीवर, रेफ्यूज एरिया इथे, जिने इथे. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली इमारतींना वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी द्यावा लागतो. अग्निशमन यंत्रणा चालू आहे, एवढं त्यात प्रमाणित होतं. त्याच्यासोबत मजल्यांच्या उंचीचा तक्ता आणि नकाशा डिजिटल स्वरूपात अग्निशमन दलाकडे आणि ११२च्या कक्षाकडे जमा करायला सांगणं, याला नवा कायदा किंवा परदेशी सल्लागार लागत नाही. आर्किटेक्टच्या संगणकात ही माहिती पडलेली असते. फोनच्या बाजूचंही असंच: तातडीचा नंबर लावला की फोनने वायफाय, टॉवर, जीपीएस सगळं एकत्र करून आपली जागा स्वतः काढावी आणि त्या कॉलपुरती कक्षाला पाठवावी, ही सोय अँड्रॉइडमध्ये २०१६पासून आहे. ती घेणारं टोक मात्र राज्यांनी आपल्या कक्षात बसवावं लागतं. इथे दिशा बघा कशी सरळ आहे: हिशेब फोनमध्ये, पाठवणं संकटात, पाठवणारा मीच.

वस्तूंबद्दल माझी काहीच तक्रार नाही, हे इथेच सांगून टाकतो. सरकारी रुग्णालयात व्हीलचेअर शोधत तीन वॉर्ड फिरणारा नातेवाईक पाहिला की वाटतं, प्रत्येक व्हीलचेअरला, प्रत्येक ऑक्सिजन सिलिंडरला, प्रत्येक सिरिंज पंपाला टॅग लावा आणि नकाशा भिंतीवर टांगा. प्रसूतीगृहात बाळाच्या पायाला टॅग लावला आणि ते वॉर्डाबाहेर नेलं की घंटा वाजली, तर त्यालाही कोण आईबाप नाही म्हणतील? यंत्रणा कुणाच्या बाजूने उभी आहे, हे इथे स्पष्ट असतं.

पुढचं संकट मात्र आत्ताच ओळखून ठेवायला हवं. २०१३मध्ये एमआयटीत दीना कताबी आणि फदेल अदिब यांनी दाखवलं की वायफायच्या लहरी भिंतीपलीकडे हलणाऱ्या माणसावरून परावर्तित होतात आणि त्यावरून हालचाल ओळखता येते. त्या माणसाकडे फोन नाही, बिल्ला नाही, काहीच नाही. वायफायने असं ‘जाणवून घेण्याचं’ अधिकृत मानक आता तयार झालं आहे. एकट्या राहणाऱ्या आजी पडल्या तर मुलाला कळावं, हा त्याचा सुरेख उपयोग. पण बिल्ला खणात ठेवण्याची केंब्रिजमधली सोय यात संपते. ज्याच्या अंगावर काही नाही तो संमती कशाची देणार आणि काढून काय ठेवणार?

म्हणून या विषयात ‘संमती’ या एका शब्दावर विसंबणं मला पटत नाही. नोकरी हवी असणाऱ्याची संमती ही संमती नसते, हे प्रत्येक कामगार जाणतो. त्यापेक्षा आपल्या जुन्या कामगार कायद्यांतली एक चाल उपयोगी पडेल. कामाच्या वेळा, विश्रांतीची सुट्टी अशा सेवाशर्ती बदलायच्या तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस द्यावी, ही तरतूद १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९अ म्हणून होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आली आहे. कोणत्या शर्तींसाठी नोटीस लागते याची यादी संहितेला जोडलेल्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. त्या यादीत एक नोंद वाढवा: कामाच्या जागी कर्मचाऱ्याचं ठिकाण सतत नोंदणारी कोणतीही यंत्रणा. डेटा कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य तरतुदी अमलात यायला १८ महिन्यांची मुदत आहे. तेवढ्यात कलम ७मधली ती ओळ दुरुस्त करून घेण्याचा आग्रह धरता येईल. पण नोटिशीचं काम त्यासाठी थांबायला नको. कामगार संघटना ते आजही मागू शकतात, महापालिका स्वतःच्या ठरावाने आजही करू शकते. नोटिशीत लिहायचं ते एवढंच: हिशेब कुठे होतो, बिल्ल्यात की सर्व्हरवर, नोंद कोण बघतो, किती दिवस ठेवता, शौचालयात आणि जेवणाच्या खोलीत यंत्र बंद असतं का, ठिपका चुकीचा दिसला तर तक्रार कुणाकडे, आणि तोवर पगार कापणार का. आणि ती कंपनीच्या संकेतस्थळावर इंग्रजीत नव्हे, हजेरी चौकीच्या भिंतीवर मराठीत लावायची.